चौथ्या ताटाची आगारी

हॉटेलात जाऊन थक्क व्हायची मला हौस नाही. जेवायला जावं, पोटभर खावं, मूठभर बडीशेप तोंडात टाकावी आणि घरी येऊन लोळावं, एवढंच माझं मागणं. पण आमच्या भाच्याला पुण्यात नोकरी लागल्यापासून मला थक्क करायचा त्याने विडाच उचललाय. पुण्याला गेले की नेतोच कुठेतरी. एका ठिकाणी वरणभात काचेच्या बरणीत आला, त्यावर कोथिंबिरीचं एकच पान, चिमट्याने ठेवलेलं. दुसऱ्या ठिकाणी शेवभाजीची कुल्फी. मी म्हटलं, "अरे बाबा, मी धुळ्याची. शेवभाजी खाताना कपाळाला घाम फुटला नाही तर आम्ही आचाऱ्याला शिव्या देतो, आणि तू मला तिची कुल्फी चारतोस?" तो म्हणाला, "मावशी, याला अनुभव म्हणतात." म्हटलं, अनुभव माझ्याकडे भरपूर आहे, तू भाकरी मागव.

गेल्या वैशाखात हे खूळ जळगावलाही येऊन पोचलं. ऐन बाजारात, कापडदुकानांच्या वर, तिसऱ्या मजल्यावर कुणी मुंबईकडच्या पोराने हॉटेल काढलं होतं. 'खान्देशच्या हरवलेल्या चवी' अशी जाहिरात. तिथे मेनूकार्ड नाही. ते आणतील ते आपण खायचं, जागा आधी राखायची, पैसेही आधी भरायचे. मी म्हटलं, ही तर लग्नाची पंगतच झाली, फक्त आहेर आधी द्यायचा.

पण भाचा आम्हाला नुसतं जेवायला नेत नव्हता. त्याच्या मनात दुसरंच होतं, आणि ते समजायला माझ्या बहिणीची गोष्ट सांगावी लागेल.

अक्का माझी थोरली बहीण, आणि हा तिचा एकुलता एक. तिचं सासर दोंडाईच्याचं. नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता, शांत माणूस, आमटी दोनदा मागून घेणारा. पोरगा दुसरीत असताना एका सकाळी तो सुरतेला काम बघून येतो म्हणून डबा घेऊन स्टेशनवर गेला. गाडीत चढताना ओळखीच्या दोघांनी त्याला पाहिलं. सुरतेला तो उतरलाच नाही. मध्येच कुठे उतरला, कुणाबरोबर गेला, जिवाचं काही बरंवाईट झालं, कशाचा म्हणून पत्ता नाही. पोलीस झाले, पेपरात फोटो झाला, नवस झाले, एक भगतही झाला. काही वर्षांनी सासरच्यांनी हात टेकले. अक्का लेकराला घेऊन अमळनेरला माहेरच्या घरात येऊन राहिली. उन्हाळ्यात पापड-कुरडया, बाकी वर्षभर शिलाई, एवढ्यावर तिने पोराला इंजिनियर केलं. पण कपाळावरचं कुंकू तिने एक दिवस लहान केलं नाही. कुणी विषय काढलाच तर म्हणायची, "त्या येतीन." ते येतील. मग उठून कामाला लागायची.

आमच्याकडे अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरतात, ताट वाढतात आणि आगारी टाकतात. गोवरीचा फुललेला निखारा घ्यायचा, त्यावर तूप सोडायचं, ताटातल्या एकेका पदार्थाचा चिमूटभर घास घालायचा, ओंजळीतलं पाणी भोवती फिरवायचं आणि गेलेल्याचं नाव घ्यायचं. आमच्या आई-आबांची आगारी अक्काच टाकते. तिच्या नवऱ्याची घागर मात्र आमच्या घरात कधी भरली नाही. भरा म्हणायची कुणाची छाती होती?

आता भाच्याचं लग्न ठरलं होतं. मुलगी चोपड्याची, केळी-कापूसवाले शेतकरी, माणसं सरळ. पण त्यांच्याकडच्या मोठ्यांनी विचारलं, की पत्रिकेत वडिलांच्या नावापुढे श्री. छापायचं की कै.? आणि त्याच्या आड दुसरं विचारणं होतं, की मुलाच्या आईने हळदीला बसायचं ते कोण म्हणून? विधवा असली तरी आमची ना नाही, काळ बदलला, मानाने बसवू, असं ते म्हणाले. पण नवरा जिता नाही, मेला नाही, अशा अधांतरी बाईचा हात पोरीच्या हळदीला नको. एक काय ते ठरवा.

अखाजीला आम्ही सगळे अमळनेरला जमलो होतो. दुसऱ्या दिवशी गच्चीवर कुरडया उलटता उलटता भाचा मला म्हणाला, "मावशी, मला बाबांचा चेहरासुद्धा आठवत नाही. नाहीत ते नाहीत. आईने एकदा तसं म्हणावं, एवढंच मला पाहिजे. मग ती माझ्या हळदीला बसेल. घरी विषय काढला की ती उठून जाते. हॉटेलात उठून कुठे जाईल?" मी म्हटलं, "तुला तुझी आई अजून कळली नाही, राजा." पण जायला कबूल झाले. पोराचंही काही चुकत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. एक जीव किती वर्षं उंबऱ्यावर उभा ठेवायचा?

चार जागा राखल्या होत्या. चौथी आमच्या ह्यांची. पण ह्यांनी अखाजीला खापराच्या पोळ्या आणि आमरस असा काही हाणला होता, की निघायच्या दिवशी सकाळपासून ह्यांच्या मोरीकडे वाऱ्या चालल्या होत्या. मग काय, "तुम्ही जा, मी ताक पिऊन पडतो," म्हणाले. निघालो तिघंच.

जळगावला पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. वैशाखातल्या दुपारी आमच्याकडची शहरं बघावीत. दुकानांची शटरं अर्धी खाली, रस्त्यावर कुत्रंही नाही, फळांच्या गाड्यांवर ओली पोती टाकून मालक गायब. एवढ्या मोठ्या बाजारात आमच्याच चपलांचा आवाज येत होता. लिफ्ट बंद होती. जिन्याने वर गेलो तर दारावर पाटी नाही, घंटी नाही. दार आपोआप उघडलं आणि आतल्या गारव्याने अंगावर सर्रकन काटा आला.

उन्हातून आल्यावर मला आत काही म्हणता काही दिसेना. भिंती काळ्या, खिडकी एकही नाही. दिवे इतके खाली टांगलेले, की उजेड फक्त टेबलावर पडावा. पलीकडच्या टेबलाशी कुणी जेवत होतं, त्यांचे नुसते हात दिसत होते. बांगड्या, घड्याळ, घास उचलणारी बोटं. वर तोंडाच्या जागी अंधार. मी भाच्याच्या कानात म्हटलं, "मेल्या, हे हॉटेल आहे की काय आहे?" तो म्हणाला, "मावशी, जेवणाकडे लक्ष जावं म्हणून असतं तसं."

काळ्या कपड्यातली एक मुलगी आली. अगदी हळू बोलत होती, आजाऱ्याच्या खोलीत बोलावं तशी. "चौघं ना?"

"चौथे आले नाहीत," भाचा म्हणाला. "तिघंच आहोत."

"हरकत नाही. ताटं चारही येतील," ती म्हणाली. "आमच्याकडे राखलेलं पान रिकामं ठेवत नाहीत." आणि तिने चौथी खुर्ची जराशी मागे ओढून ठेवली, कुणाला बसायला सोपं जावं म्हणून. अक्का माझ्यासमोर बसली होती, ती खुर्ची तिच्या शेजारी. माझ्या बाजूने खुर्चीचे हात तेवढे दिसत होते. पाठ अंधारात होती.

पहिल्यांदा काळ्या दगडावर एकेक गिलक्याचं, म्हणजे घोसाळ्याचं, भजं आलं. एकच. मी म्हटलं, बाकीची तळताहेत वाटतं. भाच्याने मला कोपराने ढोसलं. चौथ्या दगडावरही एक भजं ठेवून ती मुलगी गेली. मग डांगराची भाजी आली, लाल भोपळ्याच्या चार फोडी, मेथीदाण्याची फोडणी, एवढ्याशा वाटीत. चव बरी होती, खोटं कशाला बोलू? अक्का खात होती. तिचं तोंड मला दिसत नव्हतं, हिरव्या बांगड्यांचे हात दिसत होते, आणि ते संथ चालले होते.

भाच्याने तेवढ्यात विषय काढला. "आई, चोपड्याहून फोन होता."

"मग?"

"पत्रिका टाकायची म्हणतात छापायला. बाबांच्या नावापुढे काय लिहायचं ते विचारत होते."

"श्री. त्यात विचारायचं काय?"

"आई, असं नको ना करू. मला हळदीला तू पाहिजेस. मामी नको, मावशी नको. तू. एकदा म्हण, की ते नाहीत. मी पुन्हा कधी विचारणार नाही."

अक्काचे हात थांबले. मला वाटलं, आता उठते ही. पण ती उठली नाही. चौथ्या ताटाकडे हात करून म्हणाली, "यांना भाजी गार होऊन जाईल."

"आई, काका आलेच नाहीत," भाचा म्हणाला.

मला तिच्या त्या बोलण्याने कसंसंच झालं. आमच्या ह्यांना अक्का आजवर 'पाहुणे' म्हणत आलीये, 'यांना' नाही.

मग उडदाचा वडा आला, पातळ कढीत बुडवलेला. आणि तो बघितल्याबरोबर मी उचललेला घास खाली ठेवला. गिलक्याची भजी. डांगर. उडदाचे वडे, कढी. भादव्यात पित्तरं जेवतात त्या दिवशी आमच्या घरोघरी हेच करतात. एरवी उडदाचा वडा कढीत घालून कुणी कुणापुढे ठेवला तर तो माणूस ताट लाथाडून उठेल. मी मनात म्हटलं, आता खीर आली तर झालंच. आणि खीर आली. तांदळाची, पांढरीफटक, चार वाट्या.

मी भाच्याला टेबलाखालून लाथ मारली. त्याला काही कळेना. पुण्यात राहून पोरं या बाबतीत कोरीच राहतात. "अरे, हे पित्तरांचं ताट आहे," मी दबक्या आवाजात म्हटलं. "ऊठ, निघू या. हिला इथे बसवू नको." तो म्हणाला, "काय मावशी तू पण!" पण त्याचा आवाज जरा हलला होता.

चौथ्या ताटात सगळं वाढून तयार होतं. गिलकं, डांगर, वडा, खीर. दिव्याखाली ते एकटंच लख्ख दिसत होतं. मी बघते तर वड्याचा एक कोपरा मोडलेला. वाढताना मोडला असेल. उडदाचा वडा मोडतोच. मी स्वतःला बजावलं, की तुला भूतखेत आजवर दिसलं नाही, या वयात सुरुवात नको. पण त्यानंतर मी त्या खुर्चीच्या पाठीकडे मान वर करून बघितलं नाही.

तेवढ्यात तो हॉटेलवाला पोरगा स्वतः आला आणि टेबलावर, उजेडात वाकला. गोरा, दाढीवाला, फार आनंदी. कसं वाटलं, म्हणून विचारू लागला. अक्काने त्याला विचारलं, "बाळा, हे पदार्थ तुला कुणी सांगितले?"

"गावोगावच्या आज्यांनी," तो म्हणाला. "मी वर्षभर फिरलो. प्रत्येकीला एकच विचारायचो, की तुमच्याकडे असं काय होतं, जे कुठल्याच हॉटेलात मिळत नाही आणि एरवी घरातही फारसं करत नाही? सगळ्यांनी हेच सांगितलं. ठरवल्यासारखं."

मला हसू येत होतं आणि रडूही. अरे गाढवा, त्या बिचाऱ्यांनी तुला खरं तेच सांगितलं! पण मी बोलायच्या आत तो म्हणाला, "आता शेवटची गंमत," आणि त्या मुलीने एक मातीची परळ आणली. तिच्यात गोवरीचा निखारा, राखेतून लाल दिसणारा. मध्ये जागा नव्हती म्हणून तिने ती चौथ्या ताटापुढे ठेवली. "हे मला चाळीसगावकडच्या एका आजींनी शिकवलं," तो म्हणाला. "निखाऱ्यावर तूप सोडायचं, प्रत्येक पदार्थाचा थोडा थोडा घास टाकायचा. त्या धुराच्या वासाने जेवण पूर्ण होतं." त्याने चमच्याने तूप सोडलं. निखारा चुरचुरला. जाड पांढरा धूर निघाला आणि सगळाच्या सगळा त्या खुर्चीकडे वळला. मागे एसी असणार. असेलच.

"आई, चल आपण जाऊ," भाचा उठत म्हणाला. त्याला आता कळलं होतं.

"बैस," अक्का म्हणाली. "मी डांगर आलं तेव्हाच ओळखलं होतं. हाई बठ्ठं पित्तरनं शे." हे सगळं पित्तरांचं आहे. तिने पदर डोक्यावरून घेतला. चौथ्या ताटातल्या गिलक्याचा एक तुकडा घेतला, डांगराचा घेतला, वड्याच्या मोडलेल्या कोपऱ्याजवळचा घेतला, खिरीचा थेंब बोटावर घेतला आणि एकेक करून निखाऱ्यावर ठेवला. चौथ्या पेल्यातलं पाणी तळहातावर ओतून परळीभोवती फिरवलं. मी "अक्का, नको गं," म्हणाले.

आणि तिने नाव घेतलं. नवऱ्याचं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, मोठ्याने. आमच्या पिढीच्या बायका उखाण्याशिवाय हे नाव घेत नाहीत. इतक्या वर्षांत मी ते तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मी इथे लिहीतही नाही.

नाव संपलं न संपलं तोच परळीतून भस्सकन जाळ उठला. हातभर. काळ्या भिंती उजळल्या, आणि पलीकडच्या टेबलावरच्या माणसांची तोंडं मला पहिल्यांदा दिसली. सगळी आमच्याकडे बघत होती. चौथी खुर्चीही दिसली. ती रिकामी होती. पण मघाशी मागे ओढून ठेवली होती, ती आता टेबलाच्या जवळ होती. भाचा उठताना त्याच्या धक्क्याने टेबल सरकलं असेल. मी त्याला विचारलं नाही.

हॉटेलवाला पोरगा टाळ्याच पिटायला लागला. "क्या बात है!" म्हणाला. "मी रोज करतो, पण नुसता धूर येतो. असं आजपर्यंत कधी पेटलं नाही."

अक्काने त्याच्याकडे मान वळवून बघितलं. "कधीच नाही?"

"कधीच नाही, आजी."

तिने हात जोडले. जाळ खाली बसेपर्यंत जोडून ठेवले. मग उठली आणि आमची वाट न बघता दाराकडे चालायला लागली.

गाडीत ती मागे बसली, मी तिच्याजवळ. बाहेर ऊन तसंच रणरणत होतं. रस्त्याकडेच्या शेतांत उपटलेल्या कापसाच्या पऱ्हाट्यांचे ढीग, आणि कुठेही माणूस नाही. भाचा दोनदा आरशात बघून म्हणाला, "आई, काहीतरी बोल." धरणगाव मागे पडल्यावर ती बोलली.

"मी दर अखाजीले त्यास्नं नाव लिसन आगारी टाकू," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, एकेक शब्द नीट पोचावा म्हणून की काय, साध्या मराठीत सांगू लागली. "आई-आबांची झाली, की तुम्ही सगळे जेवायला बसायचे. मी परळ घेऊन मागच्या दारी जायची. तूप टाकायची, घास टाकायची, नाव घ्यायची. गेलेलं माणूस असलं की आगारी पेटते. आईची पेटते, आबांची पेटते, तू बघतेस ना? यांची कधी पेटली नाही. नुसता धूर. म्हणून मला माहीत होतं. लोक म्हणायचे, ही येडी आहे, कशाच्या जिवावर कुंकू लावते? मी दर वर्षी बघून मग लावत होते."

एवढी वर्षं आम्ही दोघी एका ताटात जेवलो, आणि मला हे माहीत नव्हतं.

"परवाच्या अखाजीलाही नुसता धूर," ती म्हणाली. "परवालोंग व्हतात त्या. आज गयात."

परवापर्यंत होते. आज गेले. भाच्याने गाडी बाजूला घेतली आणि करकचून ब्रेक मारला. "आई, ते हॉटेल आहे!" तो जवळजवळ ओरडलाच. "त्यांचं तूप गरम असतं. आपण थिजलेलं टाकतो, म्हणून धूर येतो. यात बाकी काही नाही." मीही म्हटलं, "अक्का, बरोबर बोलतोय तो. गरम तूप भडकतंच. माझ्या फोडणीत कितीदा जाळ होतो." आम्ही दोघं मिळून तिला तुपाचं शास्त्र समजावत होतो. ती ऐकून घेत होती, मान हलवत होती, लहान मुलांचं ऐकावं तशी.

"तोच म्हणाला ना, रोज नुसता धूर येतो म्हणून," ती म्हणाली. "गाडी चालव, बाबा. घरी जाऊ."

घरी ह्यांनी दार उघडलं. पोट आवळून धरलेलं. "काय काय होतं जेवायला?" म्हणाले. मी त्यांना डोळ्यांनीच गप्प केलं. अक्का आत गेली नाही. अंगणातल्या नळाखाली बादली भरली, नेसत्या साडीनिशी दगडावर बसली आणि डोक्यावरून तांब्या ओतला. कुणी गेल्याचं कळलं, की सुतकाची अंघोळ अशीच करतात. पाणी कपाळावरून वाहत होतं, आणि तिने ते पुसलं नाही, हातही लावला नाही. कुंकू आपलं आपण गेलं. मी बघत उभी राहिले. मला वाटलं होतं, हा दिवस कधीतरी येईल तर मला सुटल्यासारखं वाटेल. काही सुटल्यासारखं वाटलं नाही.

मग तिने मुलाला हाक मारली. "ये. डोकावरथीन पानी ले."

तो पायरीवरून हलेना. "आई, मी चोपड्याला फोन करतो," म्हणाला. "श्री. छापा म्हणून सांगतो. तू म्हणालीस ना श्री.? श्रीच छापू. हळदीला तू बसली नाहीस तर मला लग्नच नको. पण तू हे असं करू नको." सकाळी जे मिळवायला हा पोरगा घरातून निघाला होता, ते आता त्याच्यापुढे अंगणात भिजून बसलं होतं, आणि तो ते परत घे, परत घे म्हणून हातापाया पडत होता.

ती उठली. तिने त्याला हाताला धरून दगडावर बसवलं. एवढा मोठा बाप्या, पुण्याच्या कंपनीतला, इस्त्रीचा शर्ट, तसाच बसला. तिने तांब्या त्याच्या डोक्यावर रिता केला.

"तुना बाप गया, भाऊ," ती म्हणाली. "तवय तू धाकला व्हता, तुले कोनी सांगंच नही. आते सांगस. रडी ले."

तेव्हा तू लहान होतास, तुला कुणी सांगितलंच नाही. आता सांगते. रडून घे.

आधी तो नुसता थरथरत होता. मग जे रडू फुटलं, ते काही मोठ्या माणसाचं नव्हतं. तोंड वासून, 'बाबा, बाबा' करत, शाळेतून आलेलं पोर रडतं तसं. शेजारणी गच्चीवरून बघायला लागल्या. अक्का त्याच्या डोक्यावर पाणी ओतत होती, एका हाताने त्याचे केस मागे सारत होती, आणि स्वतः रडत नव्हती. मी दोन पायऱ्या उतरून त्यांच्याजवळ जाऊन बसले. तांब्या रिकामा झाला, की मी भरून तिच्या हातात द्यायची.